ओल्या जमिनीवरची गाडी

नळकाम करणाऱ्या माणसाला पाण्याची भीती वाटते असे मी सांगितले, की लोक हसतात. आचाऱ्याने मिठाला भ्यावे तसे त्यांना ते वाटते. पण विशीत हातात पान्हा घेतला तेव्हापासून आज पन्नाशी मागे पडेपर्यंत मला पाण्याची भीती वाटत आली आहे, आणि वयाबरोबर ती कमी झालेली नाही. वाहत्या पाण्याची नव्हे. ते दिसते, ऐकू येते, त्याला भांडे लावता येते. भीती आहे ती गुपचूप झिरपणाऱ्या पाण्याची. ते कुठून निघाले हे कळायच्या आत भलत्याच ठिकाणी जाऊन बसलेले असते. दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायला भीतीची हकीगत द्यावी की नाही, हा प्रश्न लिहायला बसताना मला पडला होता. परंतु माझ्या कामातले सांगण्यासारखे जे काही आहे, ते सगळे त्याच वाटेने जाते. त्याला माझा इलाज नाही.

माझे गाव निपाणीजवळचे. तंबाखूच्या आणि उसाच्या रानांत पाइप टाकता टाकता मी हा धंदा शिकलो, आणि तोही पुस्तकाने नव्हे. उसाचा वाळका पाला पेटवायचा, राखाडी पाइपचे तोंड त्या जाळावर फिरवून शेकायचे, ते मऊ पडले की दुसऱ्या पाइपचे टोक त्यात दाबून बसवायचे आणि वरून ओले पोते गुंडाळायचे. झाला जोड. तो गळला तरी कोणी ओरडत नसे, कारण गळलेले पाणी त्याच रानात मुरायचे. चुकीला तिथे शिक्षा नव्हती. पुढे बेळगावात येऊन घरांची कामे करू लागलो तेव्हा हात तोच होता, सवय तीच होती. फक्त खाली रान नव्हते, माणसे होती. हा फरक आपल्याला समजला आहे असे मी पुष्कळ वर्षे समजत होतो.

गाड्यांच्या कामाकडे मी वळलो तो योगायोगाने. निपाणीच्या अलीकडे हमरस्त्यावर, पुण्याहून गोव्याला निघालेल्या एका कुटुंबाची घरासारखी गाडी उभी होती. आत पलंग, ओटा, बेसिन, न्हाणी, आणि गाडीखाली तळे. ढाब्यावाल्याने मला बोलावून घेतले. गाडीचे मालक मला आत शिरू देईनात. गाडी परदेशी बनावटीची आहे, तिचा पाइप गळणे शक्य नाही, तुम्ही दुसरे काहीतरी शोधा, असे ते पुन्हा पुन्हा सांगत होते. मी म्हटले, "साहेब, पाण्याला ते ठाऊक न्हाय." त्यांच्या सौभाग्यवती हसल्या, म्हणून मला आत जाता आले. त्या दिवसानंतर अशा गाड्या बाळगणाऱ्यांनी माझा नंबर एकमेकांना दिला. ही माणसे थोडी आणि एकमेकांना धरून असतात. बेळगाव ते निपाणी या पट्ट्यात कोणाच्या गाडीत पाणी झाले, की मला फोन येऊ लागला. याचा मला अभिमान वाटत असे, हे कबूल करतो.

बाहेरच्या माणसाला समजावे म्हणून या कामाबद्दल थोडे सांगतो. अशा गाडीत पलंगाखाली पाण्याची टाकी असते आणि तिच्याजवळ बॅटरीवर चालणारा लहानसा पंप. तोटी उघडली की नळीतला दाब उतरतो आणि पंप आपोआप सुरू होतो. तोटी मिटली की थांबतो. सगळ्या तोट्या बंद असताना पंप मध्येच उचकी दिल्यासारखा सुरू होऊन थांबू लागला, तर समजावे की पाणी कुठेतरी वाट काढते आहे. मग ऐकायचे. सगळ्यांना गप्प बसवायचे, फळ्यांना कान लावायचा आणि ऐकायचे.

जुन्या गाड्यांतल्या नळ्या राखाडी असतात, अगदी आपल्या शेतातल्या पाइपसारख्या. पण ती जात वेगळी. ती आता कोणी बनवत नाही. तिला जोड चिकटवायचे सोल्युशन धरत नाही आणि शेकून जोडही होत नाही. शहराच्या पाण्यात जे औषध घालतात, ते वर्षानुवर्षे तिला आतून कुरतडत असते. बाहेरून नळी गुळगुळीत आणि आतून ठिसूळ. बोटाने दाबून पाहिले तर काही कळत नाही, आणि गाडी एखाद्या खड्ड्यात आदळली की कोपऱ्यावरचा जोड सुटतो. रंग पाहून फसलेले कारागीर तिथे सोल्युशन फासतात. ते आठवडाभर टिकते. नंतर गळते, पण आता फळीच्या आड. म्हणून माझा नियम होता की ठिगळ लावायचे नाही, राखाडी नळी दिसली की सगळी काढायची, नवी लवचीक नळी घालून तिच्या तोंडावर कडे दाबून बसवायचे. इतका मी काटेकोर. हे एवढ्यासाठी सांगितले की माझे चुकले ते या काटेकोरपणात नव्हे. ते दुसरीकडे, जिथे मी फक्त नीटनेटका होतो.

बेळगावच्या टिळकवाडीत एक निवृत्त वकील राहतात. त्यांचे नाव लिहीत नाही. सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणतात. त्यांच्या पत्नी वसुधाबाई कन्याशाळेत शिकवीत असत. फार वर्षांपूर्वी एक परदेशी जोडपे आपली घरगाडी गोव्यात टाकून मायदेशी गेले, ती वकीलसाहेबांनी घेतली आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत दोघे तिच्यातून हिंडत. मग वकीलसाहेबांना पक्षाघात झाला. उजवे अंग गेले आणि वाचा पूर्ण गेली. बुद्धी शाबूत, डोळे पूर्वीसारखे धारदार, पण शब्द एकही नाही, बोलायचाही नाही आणि लिहायचाही नाही. गाडी अंगणात उभी राहिली.

पुढे घडले ते असे. घरात त्यांना न्हाणीपर्यंत न्यायला दोन माणसे लागत. हा उंच, ताठ माणूस दोघांच्या खांद्यांवर लोंबकळत जाई आणि परत आल्यावर भिंतीकडे तोंड करून पडे. एकदा वसुधाबाईंना सुचले की गाडीत पलंगापासून न्हाणी दोन पावलांवर आहे, आणि चालत्या गाडीत तोल जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना स्टीलचे दांडे आहेत. त्यांना गाडीत आणले. डाव्या हाताने दांडा धरून ते एकटे उठले, एकटे न्हाणीत गेले आणि त्यांनी आतून दार लावून घेतले. बाई मला सांगत होत्या, "त्या दाराचा आवाज ऐकला आणि मी बाहेर रडत बसले की हो." तेव्हापासून ते गाडीतच राहू लागले. घराच्या व्हरांड्यातून गाडीला वीज घेतली, न्हाणीत विजेचा छोटा गीझर बसवला. जाण्यायेण्यासाठी चाकांची खुर्ची, आणि ती ढकलायला दारापासून जमिनीपर्यंत एक जाड लाकडी फळी.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस बाईंचा फोन आला, की पंप उचक्या देतोय आणि गाडीखाली चिखल झालाय. मी सकाळीच गेलो. बाई जरा घाईत होत्या. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरांनी सांगितले होते की आता फळी नको, खुर्ची नको. दाराबाहेरचा दांडा धरून वकीलसाहेबांनी गाडीला टांगलेल्या पायऱ्यांवरून स्वतःच्या पायांनी उतरायचे, अनवाणी, म्हणजे तळव्याला जमीन कळेल. तो दिवस त्यासाठीच ठरवलेला होता. फळी बाईंनी आधीच गाडीखाली सारून ठेवली होती. "अंगणातल्या पेरूपर्यंत जायचं म्हणून बोटानं दाखवलंय त्यांनी," त्या म्हणाल्या. "तुमचं पाण्याचं तेवढं बघा, मिस्त्री. आज मला त्यांच्यासमोर काही मोडकं नको."

मी आत जाऊन नमस्कार केला. वकीलसाहेबांनी डावा हात वर केला आणि न्हाणीकडे बोट दाखवले. एकदा नव्हे, दोन-तीनदा. मला वाटले, गळती तिथे आहे असे सांगताहेत. न्हाणीतल्या दांड्याला एक टॉवेल गुंडाळलेला होता. बाई आत येऊन तो सोडवू लागल्या आणि तक्रार करू लागल्या की हल्ली नवा हट्ट सुरू झालाय. टॉवेल गुंडाळल्याशिवाय दांडा धरत नाहीत, आत-बाहेर सगळीकडे तसेच, रोज टॉवेल भिजतात. डॉक्टर म्हणालेत की पकड उघड्या हाताची पाहिजे. वकीलसाहेब टॉवेलचे टोक सोडेनात. बाईंनी शाळेतल्या मुलीच्या हातातून खडू घ्यावा तसा तो काढून घेतला. मीही हसलो. म्हाताऱ्या माणसांचे हट्ट मला नवे नव्हते. मी दांड्याला हात लावून पाहिला, पक्का होता. काही वाटले नाही.

काही का वाटले नाही, हे आज मला नीट सांगता येते. मी कोरड्या लाकडी जमिनीवर उभा होतो. तारेवर बसलेल्या कावळ्याला जसे काही होत नाही, तसा मी होतो.

बेसिनच्या मागची फळी काढली तेव्हा गळती सापडली. राखाडी नळीच्या कोपऱ्यावर केसासारखी भेग, तिच्यातून थेंब, आणि तो थेंब नळीच्या पोटावरून घरंगळत पार गीझरच्या मागे जात होता. तिथे अंधार होता. तिथे पोचण्यासाठी खालून एक पत्रा काढावा लागणार होता. म्हणून मी बाहेर आलो, गाडीखाली चिखलात पोते अंथरले आणि उताणा सरकलो. पंपाचे बटण मी बंद केले होते. घराकडून येणारी वीज बंद करावी हे माझ्या मनात आले नाही. वीज हा माझा विषय नाही, असे मी मानत असे.

पान्हा वरच्या बोल्टला टेकला मात्र, आणि माझा हात माझा राहिला नाही. कोपरापासून खांद्यापर्यंत कोणीतरी आतून पिळावे तसे झाले. दात एकमेकांवर आपटले. पान्हा उडून पडला, त्यामुळे मी सुटलो. पोते ओले होते. पाठ ओली होती. काही क्षण मला नुसते चाकाचे काळे रबर दिसत होते, आणि मग एकदम समजले. चार रबरी चाकांवर ही गाडी जमिनीपासून तुटलेली आहे. तिच्या अंगात वीज भरली आहे. ती कुठेही जात नाही. वाट पाहते आहे. जो कोणी ओल्या जमिनीवर पाय ठेवून तिला हात लावील, तो तिची वाट होईल.

त्याच वेळी चाकांच्या मधून मला बाईंचे पाय दिसले. त्या पायऱ्यांसमोर हात पसरून उभ्या होत्या आणि मायेने म्हणत होत्या, "या. आधी उजवा. सावकाश. मी आहे."

आणि शेवटच्या पायरीच्या कडेवरून वकीलसाहेबांचा उजवा पाय खाली येऊ लागला. तो लुळा पाय. पांढरा, सुरकुतलेला, अनवाणी. तो त्यांच्या ताब्यात नव्हता. अंगाचा भार पुढे झुकला की तो आपोआप उतरणार होता आणि उतरू लागला की त्यांना तो मागे घेता येणार नव्हता. डावा हात वर दांड्यावर होता, उघडा. खाली चिखल होता.

माझा आवाज जन्मापासून लहान. कधी कोणाशी मोठ्याने बोललो नाही, आणि लोक याला माझा चांगुलपणा समजतात. त्या क्षणी मी तोंड उघडले आणि घशातून नुसता वारा निघाला. आयुष्यात इतकी भीती मला कधी वाटली नव्हती, पुढेही वाटू नये. ती माझ्या जिवाची नव्हती. समोर एक माणूस मरणार आहे, आणि हे जगात फक्त मला ठाऊक आहे, आणि मला ते सांगता येत नाही, अशी ती होती.

खुर्चीची ती जाड फळी माझ्या उजव्या कुशीला होती. मी दोन्ही पाय तिच्यावर रोवले आणि अंगातले सगळे बळ लावून ती बाहेर ढकलली. चिखलामुळे ती सरकली. वकीलसाहेबांचा पाय जमिनीला लागायच्या आत तिच्या कोरड्या लाकडावर टेकला.

बाई दचकून मागे झाल्या. "अहो, काय करायलाय तुम्ही? पडतील ते." त्या त्यांना सावरायला पुढे झाल्या, तेव्हा कुठे मला शब्द सापडले.

"बाई, हात लावू नका त्यांना. गाडीत करंट हाय. तुम्ही व्हरांड्यात जावा, बटण बंद करा. पळा."

त्या पळाल्या. मी डोके बाहेर काढले आणि वर पाहिले. एक पाय फळीवर, एक पायरीवर, डावा हात दांड्यावर, असे वकीलसाहेब उभे होते. मी म्हटले, "साहेब, असंच ऱ्हावा. हलू नका. लाकडावर हाय तवर काय होत न्हाय." ते हलले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हते. मला जे आत्ता कळले होते, ते त्यांना कितीतरी दिवसांपासून ठाऊक होते. न्हाणीचे पाणी नळीवाटे बागेत जात असे. त्या ओल्या वाटेने त्यांच्या तळव्यांना रोज मुंग्या येत होत्या, दांडा रोज चावत होता. बाई चपला घालून कोरड्या फळीवरून ये-जा करीत, म्हणून त्यांना ते कधी जाणवले नाही. वकीलसाहेबांकडे सांगायला शब्द नव्हता आणि लिहायलाही नव्हता. म्हणून ते टॉवेल गुंडाळत होते.

व्हरांड्यातून बाई ओरडल्या की बंद केले. मी त्यावर विश्वास ठेवला नाही. स्क्रू फिरवायला खिशात ठेवलेला टेस्टर दांड्याला लावला. दिवा लागला नाही. मग वकीलसाहेबांचा हात मी माझ्या हाताने सोडवला. बोटे इतकी आवळलेली होती की एकेक उचलावे लागले.

वायरिंगचे काम करणारा बसवराज माझा जुना सोबती. त्याला बोलावले. गीझरमागे तारेचे वेष्टन घासून गेले होते आणि राखाडी नळीचे पाणी नेमके तिथे ठिबकत होते, हे त्याने लगेच दाखवले. पण त्याला पडलेला प्रश्न निराळा होता. असे झाले तर वीज अर्थिंगच्या तारेने जमिनीत निघून जायला हवी, निदान फ्यूज तरी उडायला हवा. तो व्हरांड्यातल्या प्लगपासून तार धरून मागे मागे जाऊ लागला. मी त्याच्या पाठोपाठ. तार भिंतीवरून उतरून, घराला वळसा घालून मागच्या नळाशी गेली.

आमच्या भागातल्या जुन्या घरांतली ही रीतच आहे. अर्थिंगसाठी वेगळा खड्डा कोण खणतो? लोखंडी नळ जमिनीत खोल गेलेला असतोच. त्याला तांब्याची तार बांधली, की काम झाले. घर बांधणाऱ्याला ते ठाऊक असते, नंतर कोणाच्या लक्षात राहत नाही.

तार जिथे संपत होती तिथे लोखंडी नळ नव्हता. पिवळसर प्लास्टिकचा नळ होता, आणि त्याला तांब्याची तार एकसारखे वेढे देऊन, टोक आत दुमडून, सुबक बांधलेली होती.

बसवराज हसला. "अय्यो अण्णा, कुठल्या शहाण्यानं बांधलंय हे? प्लास्टिकला कुठली जमीन?" मग त्याने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि तो हसायचा थांबला.

ते वेढे माझे होते. टोक आत दुमडायची सवय माझी आहे. उघडे टोक कोणाच्या हाताला लागू नये म्हणून. काही वर्षांपूर्वी त्या घराचे गंजलेले लोखंडी नळ काढून मीच प्लास्टिकचे घातले होते. जुन्या नळावर एक तार दिसली. ती लोंबकळत सोडणे बरे दिसेना, म्हणून मी ती जपून सोडवली आणि नव्या नळाला होती तशी बांधून ठेवली. ती कशासाठी आहे, हे मी विचारले नाही. घर मोडके दिसू नये, एवढेच पाहिले.

मी व्हरांड्यात जाऊन बाईंना ते सांगितले. माझे दोन्ही हात मागे होते. मला ते पुढे घेता येईनात. त्या रागावतील, निघून जा म्हणतील, अशी माझी तयारी होती. त्यांनी ते ऐकले की नाही कोणास ठाऊक. त्या मांडीवरच्या टॉवेलकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "रोज मी त्यांच्या हातातून ओढून घेत होते हो. रोज." एकमेकांना क्षमा करण्यासारखे आमच्यात काही नव्हते. ज्यांनी करायची ते आत पलंगावर पडले होते आणि त्यांना बोलता येत नव्हते.

गाडी दुरुस्त होईपर्यंत वकीलसाहेबांना घरात नेले. पुन्हा दोन माणसे, पुन्हा खांदे, पुन्हा भिंतीकडे तोंड. मी रोज जाऊन एकेक राखाडी नळी काढीत होतो. बसवराजने कोळसा आणि मीठ घालून अर्थिंगचा खरा खड्डा केला, तारा बदलल्या, आणि जरा वीज गळली तरी पुरवठा तोडणारे बटण बसवले. संध्याकाळी मी दुसऱ्या कामाला निघे. मी आजवर ज्या ज्या घरांचे लोखंड काढून प्लास्टिक घातले होते, त्या घरांकडे.

लोक मला ओळखत, चहा देत, आणि माझे बोलणे ऐकले की सावध होत. त्यांना वाटे, मिस्त्रीला काम नाही. शहापुरातल्या एका काकूंनी स्पष्टच विचारले, "इतकी वर्षं काय झालं न्हाय, ते आता का होईल?" उचगावात एका दारातून मला परत पाठवले, मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तेव्हा घरच्या मुलाने वैतागून मागे नेले. तिथे तार होती. सुबक. टोक आत दुमडलेले. मुलगा म्हणाला, "कपडे धुताना आईला कधी कधी मुंग्या येतात, पण आम्हाला वाटलं शिरेचं काय तर असंल." मी तिथूनच बसवराजला फोन लावला.

काही घरे सापडली, काही पाडली गेली आहेत, आणि काही मला आठवतच नाहीत. गल्ली आठवते, ओट्यावरचे मांजर आठवते, पण दार आठवत नाही. रस्त्याने जाताना एखाद्या घराच्या मागच्या बाजूला पिवळसर नळ दिसला, की मी थांबतो आणि आत डोकावतो. यामुळे माझ्यावर एकदा कुत्रे सोडले गेले. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

गाडी तयार झाली त्या दिवशी मी बाईंना म्हटले की आता आणा. बसवराजने यंत्राने तपासून दाखवले. मी सगळ्या तोट्या मिटल्या आणि पंपाजवळ कान लावून बसलो. पंप निमूट होता. वकीलसाहेबांना फळीवरून खुर्चीने आत नेले आणि ते पलंगावर बसले. बाईंनी फळी काढली. वकीलसाहेबांनी दाराकडे पाहिले, बाहेरच्या दांड्याकडे पाहिले, आणि मग डाव्या हाताचे बोट माझ्याकडे केले. माझ्या पायांकडे. मग जमिनीकडे. मग दांड्याकडे.

बाईंना अर्थ लागला नाही. मला लागला. मी चपला काढल्या, बादलीभर पाणी आणून पायऱ्यांसमोर ओतले आणि त्या चिखलात अनवाणी उभा राहिलो. वीज चालू होती. तशीच ठेवा म्हणून मीच सांगितले. यंत्राने दाखवले होते, बसवराजने सांगितले होते, सारे मला समजत होते, तरी माझा हात वर जाईना. कोपरापासून खांद्यापर्यंतचा तो पीळ अजून माझ्या अंगात होता. मी वकीलसाहेबांकडे पाहिले. ते माझ्या हाताकडे पाहत नव्हते, चेहऱ्याकडे पाहत होते; साक्षीदाराकडे पाहावे तसे.

मी दांडा धरला. तो गार होता, बाकी काही नाही. त्यांनी मला तो लवकर सोडू दिला नाही. बोटाने खुणावून दुसरा हात लावायला लावला. मग हाताने बाजूला हो म्हणून सांगितले.

ते उठले. डावा हात दांड्यावर आला. उजवा पाय कडेवरून खाली येऊ लागला, तसाच, ताब्यात नसलेला. बाईंनी हात पसरले होते. मी त्या पायाशिवाय कशाकडेही पाहत नव्हतो. तळवा चिखलाला टेकला. मग अंगाचा भार आला आणि बोटांच्या मधून चिखल वर आला. मग डावा पाय उतरला.

ते उभे राहिले. बाई म्हणाल्या, "चला, पेरूपर्यंत जाऊ या." ते हलले नाहीत. दांडा घट्ट धरून, दोन्ही पाय ओल्या जमिनीत रोवून, ते कितीतरी वेळ नुसते उभे होते.